चॅम्पियन झाले आणि लगेच उपोषणाची भाषा: ऐझॉलच्या सीझनवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात बोलता बोलता मी एक वाक्य टाकून दिलं होतं, की आपल्या देशातल्या फुटबॉल लीगचा सगळ्यात भारी सीझन कुठला विचाराल तर २०१६-१७ ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सर्वोच्च लीग, मिझोरामची ऐझॉल एफसी जिंकली ती. झालं, त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यातच गेलं. ज्यांनी इंग्लिश प्रीमियर लीगचे प्रश्न पाठवलेत त्यांनी प्लीज जरा थांबा, पुढच्या वेळी घेतो.

प्रश्न: ऐझॉल तर आदल्या वर्षी रेलिगेट झाली होती असं वाचलं. खालच्या डिव्हिजनला गेलेली टीम पुढच्याच वर्षी वरची लीग कशी काय खेळली? (एक वाचक, कोल्हापूर)

बरोबर वाचलंत तुम्ही, आणि इथेच खरी गंमत आहे. २०१५-१६ ला लीगमध्ये ९ टीम्स होत्या आणि ऐझॉल आठवी आली. आता तुम्ही म्हणाल आठवी म्हणजे शेवटून दुसरी, मग खाली गेली कशी? तर शेवटची, नववी टीम होती आपल्या पुण्याची डीएसके शिवाजीयन्स. पण ती कॉर्पोरेट एन्ट्रीने थेट वरच्या लीगमध्ये घेतलेली टीम, आणि अशा टीमला सुरुवातीची काही वर्षं रेलिगेशन माफ असा नियम होता. म्हणजे वर्गात शेवटचा आलेला पोरगा पास आणि त्याच्या वरचा नापास. पुणेकरांनी रागावू नका, नियम पुण्याने केला नव्हता, पण झालं ते असं झालं.

तर ऐझॉल खाली गेली, आणि पहिल्यांदाच वर आलेली टीम होती हो ती, एका सीझनमध्ये परत घरी. मग २०१६ मध्ये गोव्यात गडबड झाली. भारतीय फुटबॉल फेडरेशनने पुढच्या लीगचा जो आराखडा मांडला त्यात आयएसएल (इंडियन सुपर लीग) वर आणि आय-लीग खाली असं चित्र होतं, ते गोव्याच्या क्लब्जना पटलं नाही आणि साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी लीगच सोडली. सेकंड डिव्हिजन जिंकून परत वर आलेला धेंपो, ज्यांच्या कपाटात नॅशनल लीगच्या ट्रॉफ्यांची रांग आहे, तोही बाहेर पडला. एवढ्या जागा रिकाम्या झाल्यावर भरणार कुणाला, तर ऐझॉलला बोलावणं आलं. चर्चिल ब्रदर्स परत आली, आणि चेन्नई सिटी आणि मिनर्व्हा पंजाब या दोन नव्या टीम्स थेट घेतल्या.

म्हणजे जी टीम नियमाने बाहेर गेली ती दुसऱ्यांच्या भांडणामुळे आत आली, आणि आत येऊन चॅम्पियन झाली. कुणी गोष्टीत असं लिहिलं असतं तर संपादकांनी 'फारच जमवून आणलंय' म्हणून साभार परत पाठवलं असतं.

प्रश्न: टीम्स किती, मॅचेस किती, पॉइंट्स किती? थोडक्यात सांगा. (नाव नको, ठाणे)

थोडक्यातच. टीम्स १०, प्रत्येकी १८ मॅचेस, ७ जानेवारी ते ३० एप्रिल २०१७. ऐझॉल ३७, मोहन बागान ३६, ईस्ट बंगाल ३३, चौथी बेंगळुरू. ऐझॉलने ११ जिंकल्या, ४ ड्रॉ, ३ हरल्या. बागान अख्ख्या सीझनमध्ये फक्त दोनदा हरली आणि तरी दुसरी आली, कारण त्यांचे ड्रॉ सहा झाले. ड्रॉ म्हणजे हरलो नाही असं समजून खुश होणाऱ्यांनी हे टेबल फ्रिजला चिकटवून ठेवावं.

प्रश्न: सगळे त्यांना 'भारताची लेस्टर' म्हणायचे. खरंच तेवढं मोठं होतं का, की आपण उगाच आपलीच पाठ थोपटतो? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

भावा, मी उलट म्हणेन. इंग्लंडची लेस्टर २०१६ ला प्रीमियर लीग जिंकली, त्याच्या आदल्या वर्षी ती चौदावी होती, म्हणजे मरता मरता वाचली पण वाचली. ऐझॉल वाचली नव्हती, खाली गेलेली होती. आणि लेस्टर कितीही छोटी म्हटली तरी प्रीमियर लीगच्या टीव्ही हक्कांचा पैसा तिथे तळातल्या टीमला पण मिळतो. इथे टीव्हीवरून क्लबच्या पदरात काय पडायचं ते न बोललेलंच बरं.

पण मला ही तुलनाच फारशी आवडत नाही. लेस्टर म्हटलं की लोक 'चमत्कार' म्हणतात आणि विषय संपवतात. मिझोराममध्ये जे झालं त्यात चमत्कार कमी आणि तयारी जास्त होती. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या ११ लाखाच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुका-दोन तालुक्यांएवढी, पण २०१२ ला त्यांनी स्वतःची मिझोराम प्रीमियर लीग सुरू केली आणि दोनच वर्षांत, २०१४ ला, राज्यांच्या टीम्सची संतोष ट्रॉफी जिंकली, फायनलला रेल्वेजला ३-० ने हरवून. म्हणजे पोरं तयार होत होती, फक्त कोलकात्यात आणि दिल्लीत बसलेल्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. कोल्हापूरवाल्यांना हे जास्त समजावून सांगायला नको, पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की शाहू स्टेडियमला काय होतं ते तुम्हाला माहितीय. तसंच, फक्त तिकडे त्या वेडाला धरून एक व्यवस्थित लीग बांधली गेली. आपल्याकडे वेड आहे, पुढचं विचारू नका.

प्रश्न: खालिद जमील कोच होते तेव्हाच्या मुंबई एफसीच्या बऱ्याच मॅचेस मी कूपरेजला बघितल्यात. खरं सांगते, बोअर फुटबॉल असायचं. मग ऐझॉलचे कोच होऊन त्यांनी असं काय केलं? (निवृत्त शिक्षिका, मुंबई)

बाई, तुम्ही कूपरेजला जायचात हे वाचूनच मला तुमच्याबद्दल आदर वाटला, कारण त्या स्टँडमध्ये आपण सगळे मिळून किती जण असायचो ते आपल्याला माहितीय. मंत्रालयाच्या जवळ, चर्चगेटहून चालत जाण्यासारखं मैदान, आणि तरी ऑफिस सुटलेली माणसं त्या भिंतीच्या बाहेरून सरळ निघून जायची, आत देशाच्या सर्वोच्च लीगची मॅच चालू आहे याचा पत्ता नाही.

बोअर म्हणालात ते खरंय, मी पण तेव्हा चिडायचो. पण आता मागे वळून बघितलं की वाटतं खालिदभाईंकडे मुंबईत जे सामान होतं त्यात तेच जमत होतं. २००९ पासून २०१६ पर्यंत ते मुंबई एफसीला होते, आणि दर वर्षी एकच काम, टीम खाली जाऊ द्यायची नाही. मागे गर्दी करायची, पुढे एक उंच माणूस ठेवायचा आणि बॉल लांब मारायचा. एवढ्यावर सात वर्षं तग धरली, मोठ्या मोठ्या टीम्सना इथे येऊन घाम फुटायचा. मग २०१६ ला ते आणि क्लब वेगळे झाले, आणि पुढच्याच सीझनमध्ये मुंबई एफसी शेवटची आली आणि रेलिगेट झाली. त्याच सीझनमध्ये, बरं का. तिकडे टेबलात वरून पहिले खालिदभाई, इकडे खालून पहिली त्यांची जुनी टीम. नियतीला सुद्धा इतकं टोचून बोलायची गरज नव्हती.

ऐझॉलमध्ये फरक काय पडला म्हणाल तर माझ्या मते दोन गोष्टी. एक, तिथली लोकल पोरं पळायला तयार, लहान चणीची पण चपळ, बॉल पायात ठेवून खेळायला लहानपणापासून शिकलेली, त्यामुळे खालिदभाईंची शिस्त मागे राहिली आणि पुढे खेळ आपोआप सुटला. दुसरं म्हणजे बाहेरून आणलेली माणसं अचूक निवडली. तेव्हा चार परदेशी चालायचे, त्यातला एक आशियातला हवा. त्या आशियाच्या जागेवर सीरियाचा महमूद अल अमना आणला, मिडफिल्डमध्ये तो असला की बाकीच्यांना घाई करावी लागायची नाही. सोबत लायबेरियाचा आल्फ्रेड जरियान, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी. गोलकीपर गोव्याचा आल्बिनो गोम्स. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं, मुंबई एफसीत खालिदभाईंच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे दोघं तिकडे गेले. म्हणजे तुम्ही कूपरेजला बसून ज्यांना बोअर म्हणालात त्यातलीच माणसं होती ती, थोडीफार.

आणि हे सगळं पाठीमागे मोठा पैसा नसताना. बागान किंवा बेंगळुरूच्या खर्चापुढे ऐझॉलचं बजेट म्हणजे चिल्लर. पुढे खालिदभाई ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय टीमचे कोच झाले तेव्हा सगळ्यांना एकदम ऐझॉल आठवली. मला कूपरेज आठवलं.

प्रश्न: ट्रॉफी नक्की कुठल्या मॅचला जिंकली? बागानला हरवलं तेव्हा की शिलाँगला? घरात वाद चालू आहे. (काका-पुतण्या, सोलापूर)

दोघं बरोबर, आता जेवा.

बरं, थोडं सांगतो. २२ एप्रिलला ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर बागान आली होती. त्या मॅचच्या आधी लीग कुणाकडे जाणार ते उघड होतं, या दोघांपैकीच एक. ८२ मिनिटं काही झालं नाही, आणि ८३ व्या मिनिटाला झोहमिंगलियाना राल्टेने गोल केला, बरं हा माणूस डिफेंडर. १-० ने जिंकले आणि लीगची मान हातात आली. तुमच्या पुतण्याने की काकांनी, जे कुणी ही मॅच म्हणतायत त्यांचा मुद्दा हा.

पण कागदावर ट्रॉफी ३० एप्रिलला, शिलाँगला, तिथल्याच लाजाँग टीमविरुद्ध. ऐझॉल ३६ वर, बागान ३३ वर. ऐझॉलला एक ड्रॉ पुरे होता. आणि नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या डिपांडा डिकाने गोल मारला. हा डिपांडा त्या सीझनचा टॉप स्कोअरर, ११ गोल, म्हणजे नेमका ज्याला मोकळं सोडायचं नव्हतं त्यानेच. तिकडे कोलकात्यात बागान चेन्नई सिटीशी खेळतेय, ती पुढे २-१ ने जिंकलीच. म्हणजे ऐझॉल हरली असती तर सगळं मुसळ केरात. जवळजवळ तासभर ती टीम एक गोल मागे होती, विचार करा, चार महिन्यांचा सीझन आणि सगळा त्या तासात अडकलेला. शेवटी ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली. १-१. ईशान्येकडच्या टीमने देशाची सर्वोच्च लीग जिंकायची ही पहिलीच वेळ.

तेव्हा काका, पुतण्या, गोल झोहमिंगलियानाचा मोठा की लालनुनफेलाचा यावर भांडायचं तर भांडा, त्यात मी पडत नाही. (लालनुनफेलाचा.)

प्रश्न: एवढं जिंकून त्यांना काय मिळालं? (छोटे व्यापारी, जळगाव)

तुमचा धंदेवाईक प्रश्न आवडला, कारण भावनेच्या भरात हे कुणी विचारतच नाही.

ट्रॉफी उचलून महिना पण झाला नसेल, क्लबचे मालक रॉबर्ट रॉयटे फेडरेशनला पत्र लिहीत होते की आम्हाला दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये टाकलं तर आम्ही आमरण उपोषणाला बसू. कोण म्हणतंय हे, तर देशाचा चॅम्पियन! कारण तेव्हा पुढची लीग कशी असणार याची बोलणी चालू होती आणि त्यात सर्वोच्च जागा आयएसएलला जाणार हे दिसत होतं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, २०१० मध्ये फेडरेशनने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा ७०० कोटींचा करार केला, त्यातून २०१४ ला आयएसएल आली, आणि तिथे तुम्ही जिंकून वर जात नव्हता, पैसे भरून जागा घेत होता. बेंगळुरू आय-लीगमधून तिकडे गेली ती अशीच, बोली लावून, आणि त्या वर्षी ती आय-लीगला चौथी होती. पहिली आलेली मागे राहिली आणि चौथी आलेली पुढे गेली. बेंगळुरूचा दोष नाही, चांगला क्लब आहे, पण दुकानाचा हा हिशोब तुम्ही मला समजावून सांगा.

शेवटी तडजोड अशी की २०१७-१८ ला दोन्ही लीग एकाच वेळी चालवायच्या, आय-लीग चॅम्पियनला आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या क्वालिफायिंगची जागा राहील. त्यामुळे ऐझॉल जानेवारी २०१८ मध्ये इराणला जाऊन झोब आहनशी खेळली, ३-१ ने हरली. हरली, पण इराणमध्ये जाऊन एक गोल मारून आली हे मी अजून लोकांना सांगत असतो.

आणि टीम? ती तोपर्यंत फुटलेली. खालिदभाई आणि अल अमना ईस्ट बंगालला, कामो बागानला, जयेश राणे चेन्नईयिनला. बाजाराला गेल्यासारखं मोठ्या क्लब्जनी एक एक उचललं. २०२२-२३ पासून आय-लीग अधिकृतपणे दुसऱ्या क्रमांकाची लीग झाली, म्हणजे पत्रात लिहिलेली भीती पाच वर्षांनी का होईना खरी ठरली. तर मिळालं काय, ते तुम्हीच खतावणीत मांडा.

प्रश्न: त्या सीझनला महाराष्ट्राच्या दोन टीम्स होत्या, मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स. पुढच्या वर्षी एकही नाही. असं कसं? (एक वाचक, पिंपरी)

हा प्रश्न मी शेवटाला ढकलत होतो, कारण याचं उत्तर लिहायला मला आवडत नाही.

मुंबई एफसी खाली गेली आणि नंतर टीमच उरली नाही. शिवाजीयन्स बालेवाडीला खेळायची, टेबलात खाली असायची पण तरुण पोरांना संधी द्यायची, ती पण त्या सीझननंतर लीगमध्ये दिसली नाही. पण हे एका वर्षात झालेलं नाही हो. आपल्याकडे टीम बंद होणं ही जुनी सवय आहे. महिंद्रा युनायटेड, लाल जर्सीतली, कूपरेजवरची, २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकलेली टीम, खालिदभाई स्वतः तिथे खेळलेले. २०१० ला बंद. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगला दुसरी आली, म्हणजे आणखी थोडं आणि पुण्यात ट्रॉफी होती, दोन वर्षांनी तीही लीगबाहेर. भारत एफसी तर २०१४-१५ चा एकच सीझन खेळली, तिचा स्कार्फ माझ्या एका मित्राने घेतला होता आणि तो धुवायच्या आधी टीम गेली. आयएसएलमधली पुणे सिटी २०१९ ला संपली.

बघा ना, यातल्या बऱ्याच टीम्स चांगलं खेळत असताना बंद झाल्या. टेबलात कुठे आहे याच्याशी संबंधच नाही. कंपनीने ठरवलं की आता नको, की टीम गेली. ऐझॉलकडे पैसा नव्हता पण ती अजून आहे, कारण ती बंद करायला निघालात तर अख्खं शहर रस्त्यावर येईल. आपल्याकडे टीम बंद झाली की चार ओळींची बातमी येते, तीही क्रिकेटच्या स्कोअरकार्डच्या खाली. आणि दोष फक्त कंपन्यांना देऊन मी सुटत नाही, मी पण वर्षाला तीन-चार मॅचेसच बघायला जायचो, तिकीट काय तर भेळेच्या पैशात येईल एवढं, आणि तरी रविवारी कंटाळा करायचो.

आता मुंबई सिटी आहे, ती आयएसएल जिंकलीय, चांगलं खेळते, जा बघायला. पिंपरीहून लांब पडेल हे मान्य.

प्रश्न: माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, अकॅडमीत जातो. तुम्ही जयेश राणेंचं नाव नेहमी घेता, पुढे त्यांचं काय झालं? मुलाला सांगायचंय. (आई, डोंबिवली)

सांगा की ताई. ऐझॉलबरोबर आय-लीग जिंकला, मग चेन्नईयिनला गेला आणि त्याच वर्षी, २०१७-१८ ला, चेन्नईयिन आयएसएल जिंकली. लागोपाठ दोन सीझन, दोन वेगळ्या लीग, दोन्ही वेळा चॅम्पियन टीममध्ये. मुंबईतला पोरगा. असं किती जणांना जमलंय ते मुलालाच शोधायला सांगा, अभ्यासाच्या बदल्यात नाही, अभ्यास झाल्यावर.

प्रश्न: तुम्ही स्वतः शिलाँगची ती शेवटची मॅच बघितली होती का? (तोच कोल्हापूरचा वाचक)

बघितली, पण कशी ते विचारू नका. रविवार होता, एप्रिलचा शेवट, म्हणजे अर्थातच लग्न. मी जेवणाच्या रांगेत ताट एका हातात आणि मोबाईल दुसऱ्या हातात धरून, नेट दर दोन मिनिटांनी गोल गोल फिरतंय. डिपांडाचा गोल मी बघितलाच नाही, नेट आलं तेव्हा डायरेक्ट ०-१ दिसलं आणि भूकच गेली. बरोबरीचा गोल मात्र बघितला, आणि मी जो ओरडलो त्याने पुढच्या काकूंच्या ताटातली जिलबी खाली पडली. मामा धावत आले, म्हणाले, "काय रे, कोण आऊट झालं?"